कोण खाणार?

मे महिना उजाडला की खाडीकाठची आमची घरे भरू लागतात. वर्षभर कुलपे लागलेली दारे उघडतात. मुंबईहून, पुण्याहून माणसे येतात. ज्यांना रजा मिळते ते दुबई-कुवैतहूनही येतात. चार दिवस आंबे, फणस, नातेवाइकांकडच्या दावती, एखादे लग्न, यांत जातात आणि पाचव्या दिवशी मुले विचारतात, "होडीतून कधी जायचं?" मग माळ्यावरच्या जुन्या पेटीतून गऱ्या निघतात. तंगुसाचा गुंता सोडवायला दोन माणसे बसतात. आमिषासाठी कोळंबी येते. ओळखीच्या होडीवाल्याकडे निरोप जातो. बायका-मुलांसह दहा-बारा माणसे, बांधून घेतलेल्या भाकऱ्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक मोठी बादली घेऊन आम्ही खाडीच्या मुखाकडे गरवायला निघतो. आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात सुट्टी म्हटले की हेच चित्र उभे राहते.

हे चित्र फार जुने मात्र नाही. समुद्रावर सुट्टी घालवायची ही कल्पनाच आमच्या आजोबांच्या पिढीला कळली नसती. कोकणातल्या मुसलमानांच्या कित्येक घरांतून माणसे बोटीवर नोकरीला गेली. कोणी खलाशी राहिले, कोणी सारंग झाले, कोणी इंजिनखान्यात उमेदीची वर्षे घालवली. समुद्राने त्यांना घरापासून वर्ष-वर्ष दूर ठेवले. घरी आल्यावर ते समुद्राकडे पाठ करून अंगणात बसत. नातवंडे पैसे मोजून, हौसेने पाण्यावर जातात आणि गरज नसताना मासे धरतात, हे त्यांनी पाहिले असते तर ते बहुधा हसले असते. म्हणजे आमची ही चैन एका पिढीच्या वयाची आहे. चैन करू नये असे आम्हाला म्हणायचे नाही. पण चैनीचाही एक हिशोब असतो, आणि तो कोणीतरी मागतोच. आमच्याकडे तो दादीने मागितला.

गोष्ट २०१६ च्या मे महिन्यातली. त्या दिवशी मासे गरीला जणू रांग लावून येत होते. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता. कोणी किती पकडले याची शर्यत लागली. आम्ही मोठी माणसेही तिच्यात सामील झालो. परतलो तेव्हा बादली अर्धी भरली होती. त्यांत दोन बऱ्यापैकी तांबोशा होत्या. बाकी सगळी बोटभर पिल्ले आणि बारीक शिंगटी. काही मेली होती, काही तोंड उघडझाप करत होती. मुलांनी बादली मिरवत आणून मागच्या पडवीत दादीसमोर ठेवली. स्वयंपाकघरात सकाळी बंदरावरून आणलेल्या सुरमईचे कालवण तयार होते, तळलेल्या तुकड्या झाकून ठेवल्या होत्या. दादीने बादलीत डोकावून पाहिले आणि विचारले, "कोण खाणार हे?"

कोणी उत्तर दिले नाही. शिंगटीचे काटे काढत बसायला कोणाला वेळ नव्हता. मांजरे तरी किती खाणार? शेवटी दोन तांबोशा शिजल्या आणि उरलेले सगळे संध्याकाळी माडाच्या आळ्यात पुरले. खत होईल, असे कोणीतरी म्हणाले. दादी काही बोलली नाही. ती रागावली असती तर आम्ही तो प्रसंग विसरलो असतो. ती फक्त विचारून थांबली, म्हणून तो प्रश्न आमच्या घरात राहून गेला. दादी आता नाही. प्रश्न आहे.

पहिले उत्तर आम्हाला सहज सुचले, तसे ते आमच्या वाचकांपैकी अनेकांना सुचेल. समुद्रातली शिकार हलाल आहे. कुरआनच्या सूरह माइदामध्ये समुद्राची शिकार आणि त्यातले अन्न माणसासाठी वैध ठरवले आहे. इहराममध्ये असलेल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे, समुद्रातली मात्र नाही. माशाला जबह करावे लागत नाही. आम्ही कोकणातले लोक बहुतेक शाफई. घाटावरचे आमचे हनफी पाहुणे चिंबोऱ्या आणि तिसऱ्या पाहून ताट सरकवतात तेव्हा आम्ही गमतीने म्हणतो की, समुद्राच्या बाबतीत आमच्यावर अल्लाहची मेहरबानी जरा जास्त आहे. मग बोटभर पिल्लांबद्दल एवढे मनाला लावून घेण्याचे कारण काय?

पण याच सवलतीचा विचार करता करता आम्ही वेगळ्या ठिकाणी पोचलो. जमिनीवरचा जीव घेताना माणसाला थांबावे लागते. सुरीला धार हवी, ती जनावराच्या डोळ्यांदेखत लावायची नाही, त्याला त्रास कमीत कमी व्हावा, आणि अल्लाहचे नाव घेतल्याशिवाय हात चालवायचा नाही. या सगळ्यांत एक क्षण असा येतो की माणसाला कळते, आपण काहीतरी मोठे करत आहोत. हा जीव आपला नव्हता, आपल्याला तो खाण्यापुरता दिला आहे. बकरीदला पहिल्यांदा जनावर धरायला उभ्या राहिलेल्या मुलाचा चेहरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. माशाच्या बाबतीत हा थांबा नाही. सुरी नाही, कोणाची परवानगी नाही, रक्तही फारसे दिसत नाही. मासा ओरडत नाही. गरी ओढायची, मासा बादलीत टाकायचा, आमिष लावून गरी पुन्हा पाण्यात टाकायची. एका तासात चाळीस जीव गेले तरी हात एकदाही अडखळत नाही.

शरियतने थांबा ठेवला नाही, याचा अर्थ तो असूच नये असा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. आम्हाला वाटते, तिथे भरवसा माणसावर टाकला आहे. समुद्रातून अन्न मिळवणाऱ्याला दिवसाला शेकडो मासे काढायचे असतात. प्रत्येकासाठी थांबायला लावले तर त्याची रोजी अशक्य होईल. सवलत त्याच्या गरजेसाठी आहे. ती आमच्या करमणुकीच्या हाती आली की तिची किंमत आम्हीच ठेवायला हवी. दादीचा प्रश्न हाच तो थांबा होता. तिने तो स्वतःच्या अकलेने घातला होता.

नसाईच्या हदीस-संग्रहात एका चिमणीचा उल्लेख येतो. जो कोणी चिमणीला उगीच, खेळ म्हणून मारील त्याच्याविरुद्ध ती कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील की, याने मला कशाच्या उपयोगासाठी न मारता व्यर्थ मारले. असा तिचा आशय आहे. तिच्या सनदेबद्दल विद्वानांमध्ये मतभेद आहेत. पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि दोन्हींचा रोख एकच आहे. तक्रार मारण्याबद्दल नाही, व्यर्थ मारण्याबद्दल आहे.

चिमणीवरून आपल्याच किनाऱ्याशी नाते असलेली दुसरी एक चिमणी आठवते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या तैयबजी कुटुंबात वाढणाऱ्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खायला चालते की नाही, असा त्याला प्रश्न पडला. तो मामांकडे, अमीरुद्दीन तैयबजींकडे गेला. मामा स्वतः शिकारी. पण त्यांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठवले. तिथे पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडले गेले. पुढे हाच मुलगा डॉ. सालिम अली म्हणून ओळखला गेला. १९३० साली, हातात नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरात राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले, त्याने त्यांना नाव मिळवून दिले.

सालिम अलींना आम्ही अहिंसेचे पुतळे ठरवत नाही. त्यांनी पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारले, आणि शिकारीची आवड लपवली नाही. पण त्या गोष्टीतली एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. मुलगा चिमणी पाडून पुढच्या चिमणीकडे वळला नाही. तो थांबला. खाता येईल का, हा घरातून मिळालेला साधा धार्मिक प्रश्न त्याने विचारला. आणि त्या प्रश्नातून, हे आहे तरी काय, हा दुसरा प्रश्न निघाला. ज्या घरात पहिला प्रश्न विचारायची सवय असते तिथे दुसरा सुचण्याची शक्यता असते. आमच्या मुलांनी त्या दिवशी चाळीस मासे पकडले. त्यांतल्या चार जातींची नावेही त्यांना सांगता आली नसती.

इथे कोणी म्हणेल, माशाला कुठे काय कळते? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही सोडलेला नाही. अमेरिकेतले जेम्स रोझ यांनी २००२ मध्ये असे मांडले की, वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो तो माशाला नाही. गरीला लागलेल्या माशाची धडपड म्हणजे केवळ प्रतिक्षिप्त क्रिया. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचून पाहिले. आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि टोचलेले मासे बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. वाद तेव्हापासून चालू आहे, जरी अलीकडे माशांना वेदना होतात असे मानणाऱ्यांची बाजू बळकट झाली आहे. आम्ही त्या वादात न्यायाधीश नाही. पण ज्याच्या वेदनेबद्दल शंका आहे, त्याला गंमत म्हणून दुखवून पाहण्याचा हक्क त्या शंकेने कसा मिळतो? शंकेचा फायदा आरोपीला मिळतो म्हणतात. इथे गरी आमच्या हातात आहे. फायदा माशाला मिळायला हवा.

मग पकडून सोडून द्यावे का? पाश्चात्त्य देशांत हौशी मच्छीमारांचा हा आवडता मार्ग आहे. मासा ओढायचा, फोटो काढायचा, पुन्हा पाण्यात सोडायचा. जीव वाचतो, हौस भागते. बादली-प्रकरणानंतर आमच्या एका भाच्याने हाच उपाय सुचवला. ऐकायला तो फार दयाळू वाटतो. पण स्वित्झर्लंडने २००८ साली केलेल्या प्राणिसंरक्षणाच्या नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे गरवायला मनाई केली. तर्क असा की, खायचा नसेल तर त्या जिवाला झालेला त्रास कशासाठी? आम्हाला हे वाचून दादीची आठवण झाली. तिला स्वित्झर्लंड कुठे आहे हे ठाऊक नव्हते. जो खाण्यासाठी मासा मारतो, त्याच्या हातून त्रास घडतो, पण तो त्रास त्याला नको असतो. जो खेळ म्हणून ओढतो आणि सोडतो, त्याला माशाची धडपडच हवी असते. मासा धडपडला नाही तर त्याचा दिवस फुकट गेला. नियतीवर नव्हे, नियतवर कृत्याचे मोल ठरते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते मान्य केले, तर फोटो काढून सोडलेला मासा बादलीतल्या माशापेक्षा आम्हाला निर्दोष ठरवत नाही. चुकून आलेले पिल्लू सोडणे वेगळे. सोडण्यासाठीच धरणे वेगळे.

आमच्याच घरातून यावर एक कडक आक्षेप आला, तो नोंदवायला हवा. धाकटा भाऊ म्हणाला, "खोल समुद्रात पर्ससीनवाले एका जाळ्यात टनावारी मासळी काढतात, बारीक पिल्लांचा खच किनाऱ्यावर पडतो. आणि तुम्ही मुलांच्या बादलीवर प्रवचन करता! बंदरावरून आणलेली सुरमई काय हसत-हसत मेली होती?" खरे आहे. समुद्र आमच्या बादलीने रिकामा होणार नाही आणि आमच्या संयमाने भरणारही नाही. बाजारातली मासळी खाणाऱ्याने हात झटकून बसू नये, हेही खरे. पण यावरून बादलीचा प्रश्न खोटा ठरत नाही. खोल समुद्रातले जाळे आमच्या हातात नाही, गरी आहे. आणि मुले नियम शिकतात ते सरकारी परिपत्रकातून शिकत नाहीत, सुट्टीत आईबाप काय करतात त्यावरून शिकतात.

परिपत्रके आहेतच. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ते धरायचे नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून घोषितही केले. पावसाळ्यात, विणीच्या काळात यांत्रिक नौकांना दोन महिने बंदी असते. त्याआधी कायदा नव्हता तेव्हाही किनारा थांबतच होता. आमचे कोळी शेजारी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या लोटत. मुसलमान तांडेलही त्याच सुमारास दुआ करून पहिली फेरी काढत. कारण दोघांना ठाऊक होते, समुद्रालाही उसंत लागते.

कुरआनमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची गोष्ट आहे. सूरह आराफमध्ये ती येते. त्या लोकांना शनिवारी मासेमारी मना होती. आणि नेमके शनिवारीच मासे वर, डोळ्यांसमोर येत. इतर दिवशी येत नसत. काही लोकांनी युक्ती काढली. तफसीरकार सांगतात की, ते आदल्या दिवशी जाळी लावून किंवा चर खणून ठेवीत आणि शनिवारी अडकलेले मासे रविवारी काढीत. हात शनिवारी लावला नाही, म्हणून हुकूम मोडला नाही, असा त्यांचा दावा. त्या वस्तीत आणखी दोन प्रकारचे लोक होते. काही जण त्यांना समजावत. आणि काही जण समजावणाऱ्यांनाच विचारत, अशांना कशाला सांगत बसता? लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकताना आम्हाला ती यहुद्यांची गोष्ट वाटे. आता ती समुद्राची वाटते. मासे अगदी समोर, हाताशी, रांग लावून येतात, त्याच दिवशी माणसाची परीक्षा असते. २०१६ च्या त्या दिवशी ते आमच्यासमोर तसेच आले होते. आम्हाला कसली मनाई नव्हती हे खरे. पण पुरे म्हणायची वेळ कोणती, हे कोणी सांगायची आम्ही वाट पाहत होतो.

आता ज्याच्या होडीतून आम्ही जातो त्या माणसाविषयी. त्याच्याशिवाय हा हिशोब अपुरा राहील.

होडीवाले चाचा दालदी. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे मुसलमान. आमचे घराणे स्वतःला जमातीतले, खानदानी म्हणवणारे. जुन्या पिढीत आमच्या घरांतून दालदी कुटुंबात सोयरीक जुळवायची म्हटली की नाके मुरडली जात. अजूनही सगळी सरळ झाली आहेत असे नाही. मशिदीत एका सफेत उभे राहायचे, एका इमामामागे झुकायचे, आणि लग्नाची गोष्ट निघाली की मासळीचा वास यायचा. आणि तरीही मे महिन्यात त्याच माणसाकडे जाऊन आम्ही सांगतो, आम्हाला मासे धरायचे आहेत. आम्ही धरले तर तो शौक. त्याने धरले तर तो धंदा. शौकाचे फोटो भिंतीवर लागतात, धंद्यामुळे सोयरीक अडते. ज्या कामाने एकाची इज्जत वाढते आणि दुसऱ्याची कमी होते, ते काम एकच असेल, तर खोट कामात नाही. मोजणाऱ्याच्या तराजूत आहे.

एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चाचांकडे गेलो, तर ते म्हणाले, "आज नको. वारा बरा नाही." आभाळ स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांचे परतीचे तिकीट होते. मुले हिरमुसली. आमच्यातल्या एकाने दुप्पट भाडे देऊ केले. चाचा थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. दुप्पट भाडे म्हणजे काय, हे त्यांच्या घराची स्थिती पाहता आम्हाला कळायला हवे होते. पावसाळ्याचे रिकामे महिने तोंडावर होते. मग ते म्हणाले, "समुद्राला तुमची सुट्टी कुठे ठाऊक आहे?" आणि होडी ओढून घ्यायला गेले. त्या दुपारी वारा वाढला की नाही, यावर आमच्या घरात आजही दोन मते आहेत. पण त्याने काय फरक पडतो? वारा आला नसता तरी आम्ही एका गरजू माणसाच्या शहाणपणावर बोली लावली होती, हे उरतेच. त्याने नाही म्हटले, ही त्याची थोरवी. त्याने हो म्हटले असते आणि काही घडले असते, तर आम्ही म्हणालो असतो की, समुद्र त्याला कळायला हवा होता.

तेव्हा कोण खाणार, हा प्रश्न माशांपुरता राहत नाही. आमच्या सुट्टीत आम्ही काय-काय खातो? माशाचा जीव खातो, ठीक, तो अन्न म्हणून दिला आहे. पण कोणाचा धोका खातो, कोणाची इज्जत खातो, हे ताटात दिसत नाही म्हणून मोजायचे राहून जाते.

मग काय, होडी सोडून द्यावी? काही मित्रांचे तसे मत पडले. शहरातल्या माणसाने किनाऱ्यावर बसून सूर्यास्त पाहावा, बस्स. आम्हाला ते पटत नाही. आमच्या मुलांना आता खाडीची भाषा उरलेली नाही. उधाण कधी, भांग कधी, सुकती लागली की पाणी कसे ओढते, तांबोशी खडकाशी का राहते, हे त्यांना कळते ते वर्षातल्या त्या एका-दोन दिवसांत, ओल्या हातांनी. ज्या समुद्राला हात लागत नाही त्याची काळजीही वाटत नाही. त्यांना पाण्यापासून दूर ठेवून आम्ही त्यांना दयाळू करणार नाही, फक्त परके करू. मासा कसा मरतो हे एकदाही न पाहिलेले मूल तळलेल्या तुकडीचा अर्धा भाग ताटात टाकून उठते. गरवणे बंद करण्यापेक्षा गरवण्यात थांबा आणणे आम्हाला जास्त अवघड आणि जास्त योग्य वाटते.

त्यामुळे घरात काही रिवाज पडले आहेत. गरवायचे त्या दिवशी बंदरावरून मासळी आणायची नाही. जे मिळेल तेच शिजेल, नाही मिळाले तर डाळ-भात. निघण्याआधी जेवणारी तोंडे मोजायची. तेवढे झाले की गऱ्या गुंडाळायच्या, मग मासे कितीही येवोत. बोटभर आलेले तिथेच पाण्यात सोडायचे. मोठा मासा बादलीत तडफडत ठेवायचा नाही, लगेच मारायचा; आणि ते काम मुलांपासून लपवायचे नाही. चाचांच्या "नको"वर भाव करायचा नाही. आणि परतल्यावर चाचा आमच्याबरोबर जेवायला बसतात, पडवीत वेगळे नाही, आत, दस्तरखानावर. हे शेवटचे लिहितानाही शरम वाटते, कारण ते पहिल्या दिवसापासूनच व्हायला हवे होते.

रिवाजांनी सगळे सुटते असे नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही अकरा जण होतो. मुलांनी मोजून, ओरडून-ओरडून, पुरेशी मासळी जमवली. धाकट्या नातीने "बस" म्हटले आणि सगळ्यांनी गऱ्या वर घेतल्या. शेवटच्या गरीला एक तांबोशी आलीच होती. लहान नव्हती, चांगली वीतभर. मोजणीपलीकडची. नातीने ती सोडायला सांगितले. चाचांनी उलट्या काट्याची गरी तिच्या जबड्यातून हलक्या हाताने काढली, तरी ओठ फाटला. पाण्यात सोडल्यावर ती क्षणभर आडवी पडली, मग हलली आणि खाली गेली.

"जगेल का?" नातीने विचारले.

चाचांनी आयुष्यभर मासे धरले आहेत. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ते मला नाही माहीत, बेटा."

परतीच्या वाटेवर ती गप्प होती. बादलीकडे बघत होती. आम्हीही तिची समजूत घातली नाही. दादीचा प्रश्न एका पिढीवरून दुसऱ्या पिढीकडे गेला असेल, तर तो त्या शांततेतच गेला असावा.